दुर्मिळ विमानांचे जतन

विमान ही वस्तू मुळात टिकण्यासाठी घडविलेली नसते. देवळाचा पाया घालणारा पाथरवट पिढ्यांचा हिशेब करतो. विमानाचा आराखडा करणारा अभियंता वजनाचा हिशेब करीत असतो. पत्रा शक्य तितका पातळ, सांगाडा शक्य तितका हलका, आणि यंत्राची अनेक अंगे ठराविक तासांच्या उड्डाणानंतर बदलावयाची, हे गृहीत धरूनच विमान बनते. लष्करी विमानाचे आयुष्य तर आणखी तोकडे. शत्रूचे अधिक वेगवान विमान आकाशात आले की कालपर्यंत ज्याचा गौरव झाला तेच विमान भंगाराच्या भावाने विकले जाते. अशी वस्तू पन्नास, ऐंशी, शंभर वर्षे राखावयाची, आणि तीही लोकांना पाहता येईल अशा रीतीने, हा उद्योग काहीसा उलट्या दिशेचाच म्हटला पाहिजे. विमान-संग्रहालये तो करीत आली आहेत. तो कसा केला जातो, आणि मुख्य म्हणजे त्यात जतन करावयाचे ते नेमके काय, हे समजून घेण्यास भारतातील एक उदाहरण फार उपयोगी पडते.

दिल्लीत पालम येथे भारतीय हवाई दलाचे संग्रहालय १९६७ साली सुरू झाले. लहान विमाने हँगरच्या छपराखाली आणि मोठी विमाने बाहेर हिरवळीवर, अशी त्याची मांडणी आहे. हँगरमध्ये दोन थरांच्या पंखांचे, कापडाने मढविलेले 'वेस्टलँड वापिटी' हे विमान दिसते. ८ ऑक्टोबर १९३२ रोजी भारतीय हवाई दलाची स्थापना झाली आणि १ एप्रिल १९३३ रोजी कराचीतील ड्रिग रोड येथे त्याची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी चार वापिटी विमाने होती. ती चालविणाऱ्या पहिल्या मोजक्या भारतीय वैमानिकांपैकी सुब्रतो मुखर्जी पुढे १९५४ साली हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झाले. वापिटी हे तसे काटकसरीचे अपत्य होते. पहिल्या महायुद्धातील 'डी. एच. ९ ए' या विमानांचे सुटे भाग ब्रिटिश सरकारच्या कोठारांत पडून होते, ते वापरता यावेत अशा बेताने त्याची रचना केलेली होती. अशी पाचशेहून अधिक विमाने बनली. आज त्यांतील पालमचे एकच संपूर्ण विमान उरले आहे. त्याच हँगरमध्ये जपानचे 'ओका' हे रॉकेट-विमानही आहे. आत माणूस बसवून शत्रूच्या जहाजावर आदळावयाचे, परत यावयाचेच नाही, यासाठी ते बनविले गेले. एकाच उड्डाणासाठी जन्मलेले यंत्र ऐंशी वर्षे जपले जावे, हा संग्रहालयांच्या जगातला एक विलक्षण विरोधाभास होय.

परंतु दुर्मिळता म्हणजे काय आणि ती कशी निर्माण होते, हे जाणून घ्यावयाचे तर हँगरमधून बाहेर येऊन चार इंजिनांच्या 'लिबरेटर' विमानापाशी थांबले पाहिजे.

'कन्सॉलिडेटेड बी-२४ लिबरेटर' हे अमेरिकेचे अवजड बाँबफेकी विमान. पंखांचा विस्तार एकशेदहा फूट, लांबी सुमारे सदुसष्ट फूट. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ही विमाने अठरा हजारांहून अधिक संख्येने बनली. या जातीचे दुसरे कोणतेही विमान एवढ्या संख्येने कधी बनले नाही. युद्ध संपले आणि अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील किंगमनसारख्या तळांवर हजारो विमानांच्या रांगा लागल्या. ती कापली गेली, भट्टीत वितळविली गेली, आणि त्यांच्या ॲल्युमिनिअमच्या विटा झाल्या. एवढ्या मोठ्या संख्येने असलेली वस्तू कधी संपेल असे कोणालाच वाटत नसते. काही वर्षांतच लिबरेटर शोधूनही सापडेना. आज जगात संपूर्ण स्थितीत असलेली लिबरेटर विमाने मोजावयास गेले तर वीसही भरणार नाहीत. त्यांतील फार मोठा वाटा भारतातून गेलेला आहे, ही गोष्ट आपल्याकडे फारशी ठाऊक नाही.

हे घडले कसे? ब्रिटिश हवाई दलाची लिबरेटर विमाने भारतातील तळांवरून ब्रह्मदेशातील आणि सयाममधील जपानी ठाण्यांवर जात असत. ती अमेरिकेकडून उसनवारीच्या कराराने मिळालेली होती. युद्ध संपल्यावर ती परत करावयाची, त्यांची किंमत द्यावयाची, अथवा ती निकामी करावयाची, असा प्रश्न आला. कानपूर येथे जमविलेली अनेक विमाने निकामी करून टाकून देण्यात आली. इंजिनांत वाळू ओतली, उपकरणे फोडली, पत्रे ठोकून चेपले, असे त्या वेळच्या हकिकतींत सांगितले जाते. ब्रिटिश निघून गेले. कानपूरच्या मैदानावर मोडके सांगाडे पावसात उभे राहिले.

स्वतंत्र भारताच्या हवाई दलापाशी अवजड बाँबफेकी विमान नव्हते आणि ते विकत घेण्यास परकीय चलनही नव्हते. बंगलोरला मात्र हिंदुस्तान एअरक्राफ्ट हा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४० साली तो स्थापन झाला होता, आणि युद्धकाळात अमेरिकी विमानांच्या दुरुस्तीचे मोठे काम तेथे झालेले होते. १९४८ साली या कारखान्यातील मंडळी कानपूरला गेली. त्यांनी एका सांगाड्याचे चाक, दुसऱ्याचे शेपूट, तिसऱ्याचे इंजिन असे जुळवीत विमाने उडण्याजोगी केली. कारखान्याचे मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बंगलोरला उडवीत नेली, आणि तेथे त्यांची खरी, पूर्ण दुरुस्ती झाली. असे करीत चाळिसाच्या आसपास लिबरेटर विमाने सेवेत आली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांवर हवाई दलाची पाचवी स्क्वाड्रन उभी राहिली. पुढे सहाव्या स्क्वाड्रनने पुण्याच्या लोहगाव तळावरून याच विमानांनी समुद्रावर टेहळणी केली. १९६८ साली ती निवृत्त झाली, तेव्हा जगातील अन्य हवाई दलांनी लिबरेटर कधीच टाकून दिलेले होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लिबरेटर वाचले ते कोणी जतन करावयाचे ठरविले म्हणून नव्हे. एका गरजू देशाला ते टाकून देणे परवडणारे नव्हते, म्हणून ते वाचले. तेल-पाणी मिळत राहिले, रिव्हेट बदलले गेले, पंखांतील पोकळ्या दर वर्षी उघडून पाहिल्या गेल्या. कोणत्याही संग्रहालयाने केली असती त्याहून काटेकोर निगा वीस वर्षे झाली, आणि ती केली कारखान्यातील व तळांवरील यंत्रकारांनी. त्यांची नावे कोणत्याही फलकावर नाहीत.

निवृत्तीची बातमी पसरताच जगभरच्या संग्रहालयांचे लक्ष भारताकडे गेले. कॅनडाने १९६८ साली एक लिबरेटर मिळविले आणि त्याच्या बदल्यात भारताला 'वेस्टलँड लायसँडर' दिले. तेच आज पालमच्या संग्रहात आहे. १९४२ च्या प्रारंभी ब्रह्मदेशात के. के. मजुमदार यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनने जपान्यांवर हल्ले चढविले ते लायसँडर विमानांतूनच. भारताच्या स्वतःच्या लायसँडरांपैकी दाखविण्याजोगे काही उरले नव्हते. ती उणीव कॅनडाच्या विमानाने भरून काढली. म्हणजे जे विमान भारतासाठी लढले नाही ते भारताच्या लढाईचे प्रतिनिधित्व करते आहे. १९६९ साली आणखी एक लिबरेटर पुण्याहून उडत अमेरिकेतील टक्सन येथे, आजच्या पिमा संग्रहालयात गेले. १९७४ साली एक ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियमसाठी उडत गेले. सेवेतून निघून पडून राहिलेले आणखी एक विमान १९८१ साली एका ब्रिटिश संग्राहकाने नेले. पुढे ते अमेरिकेतील कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतले, आणि १९८९ साली ते पुन्हा आकाशात गेले.

आता पालमला उभे असलेले विमान पाहू. दिल्लीचे हवामान धातूला सुखाचे नाही. उन्हाळ्यात पत्रा हाताला चटका बसेल इतका तापतो. धुळीची वादळे काच आणि रंग घासून काढतात. पावसाळ्यात हवा दमट. थंडीत रात्रभर दव पडते आणि धुक्यात शहराचा धूर मिसळलेला असतो. सामान्य समजूत अशी की लोखंड गंजते आणि ॲल्युमिनिअम गंजत नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. शुद्ध ॲल्युमिनिअमवर हवेने एक पातळ, घट्ट थर धरतो आणि तो आतल्या धातूचे रक्षण करतो. परंतु शुद्ध ॲल्युमिनिअम विमानासाठी फार मऊ. म्हणून त्यात सुमारे चार टक्के तांबे आणि थोडे मॅग्नेशिअम मिसळून 'ड्युराल्युमिन' हा मिश्रधातू बनविला गेला. ताकद वाढली; तिची किंमत अशी की तांब्यामुळे हा मिश्रधातू ओलाव्याला बळी पडतो. त्यावर उपाय म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध ॲल्युमिनिअमचा पातळ मुलामा देतात. तो मुलामा जेथे खरवडला जातो, छिद्रांच्या कडांशी उघडा पडतो, किंवा पत्रा चमकावा म्हणून उत्साहाने घासून काढला जातो, तेथून रोग आत शिरतो. तो धातूच्या कणांच्या सीमारेषांवरून पसरतो. वरून रंग नीट दिसतो; आतून पत्रा अभ्रकासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातो. बोटाने दाबले असता पंखाची कड चुरा होऊन हातात येते, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

यात भर म्हणजे एका विमानात अनेक धातू शेजारी नांदतात: पोलादी बोल्ट, ॲल्युमिनिअमची चौकट, मॅग्नेशिअमच्या मिश्रधातूची चाके. दोन भिन्न धातूंमध्ये ओलावा आला की त्यांची विजेची घटमाला तयार होते आणि त्यांतील दुबळा धातू खर्ची पडतो. विमान उडत असते तेव्हा त्याचे पाणी निथळते, आतली हवा बदलते, महिन्याकाठी कोणीतरी झाकण उघडून आत डोकावतो. उभे राहिलेल्या विमानात हे सारे थांबते. दिवसा तापलेली आणि रात्री थंड झालेली आतली हवा पत्र्याच्या आतल्या बाजूस थेंब धरते. तळाशी असलेली निचऱ्याची छिद्रे धुळीने आणि पाखरांच्या घरट्यांनी बुजतात, आणि विमानाचे पोट पाण्याचे टाके बनते. पक्ष्यांची विष्ठाही निरुपद्रवी नाही. तिच्यातील आम्ल रंगाखाली जाऊन पत्र्याला खाते. म्हणून विमान-संग्रहालयाच्या रक्षकाचे पहिले काम अगदी साधे आणि कंटाळवाणे असते. छिद्रे मोकळी ठेवणे, गोड्या पाण्याने धुणे, झाकणे उघडून वारा खेळू देणे, सांध्यांत मेणासारखे रक्षक द्रव्य भरणे, काचांवर आच्छादन घालणे, आणि वजन टायरांवर न ठेवता जॅकवर किंवा टेकूंवर घेणे. वर्षानुवर्षे एकाच जागी दबलेला टायर फुटतो, विमान एका अंगाला कलते आणि सांगाड्याला पीळ बसतो.

कापडाच्या विमानांची व्यथा वेगळी. वापिटीसारख्या विमानाच्या धातूच्या सांगाड्यावर कापड ताणून शिवलेले असते आणि त्यावर 'डोप' नावाचा सेल्युलोजचा लेप देतात. लेप वाळताना आकसतो आणि कापड ढोलक्याच्या चामड्यासारखे ताठ होते. सूर्यप्रकाशातील अतिनील किरण या कापडाचे धागे काही वर्षांत कुजवतात. म्हणून अशा विमानाला छप्पर तर हवेच, पण खिडकीतून थेट येणारे ऊनही नको. लाकडी विमानांत गोंद हा शत्रू ठरतो. ब्रिटनचे 'मॉस्किटो' हे लाकडी विमान युद्धकाळात भारतात व ब्रह्मदेशात आणले, तेव्हा उष्ण आणि दमट हवेत त्याचे चिकटविलेले सांधे सुटल्याचे आढळले होते.

समुद्रकाठी हा प्रश्न आणखी बिकट होतो. गोव्यात दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळो येथे १९९८ साली नौदलाचे विमान-संग्रहालय सुरू झाले. तेथे 'शॉर्ट सीलँड' हे पाण्यावर व जमिनीवर उतरणारे छोटे विमान आहे. १९५३ साली नौदलाच्या सेवेत आलेल्या पहिल्या विमानांपैकी ते. सबंध जगात अशी पंचविसेकच विमाने बनली होती. तेथेच 'सुपर कॉन्स्टेलेशन' हे विमानही उभे आहे. हे मूळचे एअर इंडियाचे प्रवासी विमान. 'रानी ऑफ एलोरा' हे त्याचे नाव. पुढे ते हवाई दलाकडे आणि १९७६ नंतर नौदलाकडे सागरी टेहळणीसाठी गेले. अशी विमाने ठेवावयाची तर समुद्राचे वारे ज्या मिठाचा थर रोज पत्र्यावर आणून टाकतात तो रोज धुऊन काढावा लागतो, हे कोणाही कोकणवासीयाला सांगावयास नको. घराच्या पत्र्याचे तेथे काय होते ते तो पाहतच असतो.

विमान आत जपून ठेवताना लोकांच्या सुरक्षिततेचाही विचार करावा लागतो. लढाऊ विमानांच्या आसनांखाली वैमानिकाला बाहेर फेकणारे स्फोटक काडतूस असते. ते काढल्यावाचून विमान प्रदर्शनात ठेवता येत नाही. जुन्या उपकरणांच्या तबकड्यांवरील आकडे अंधारात चमकावेत म्हणून त्यांना रेडिअमचा लेप दिलेला असे. त्याची चमक काही वर्षांत विझते. रेडिअमची किरणे मात्र विझत नाहीत, त्यांचा जोर निम्म्यावर येण्यास सोळाशे वर्षे लागतात. तबकडीची काच फुटलेली असेल तर तिची धूळ माणसाच्या पोटात जाऊ देणे धोक्याचे असते.

इथवरचे प्रश्न पैशाने आणि कौशल्याने सुटणारे आहेत. पुढचा प्रश्न तसा नाही. विमान नवे दिसेल असे करावे, की जसे हाती आले तसेच ठेवावे? नॉर्वेतील दोन सरोवरांतून वर काढलेल्या दोन 'हॅलिफॅक्स' विमानांनी या प्रश्नाची दोन अगदी भिन्न उत्तरे जगासमोर ठेवली आहेत. पहिले एप्रिल १९४२ मध्ये जर्मन युद्धनौका 'टिर्पिट्झ'वरील हल्ल्यात जायबंदी होऊन गोठलेल्या होकलिंगेन सरोवरावर उतरले आणि बर्फ वितळताच तळाशी गेले. १९७३ साली ते वर काढले. रॉयल एअर फोर्स म्युझियमने ते दुरुस्त न करता तुटलेल्या, खरचटलेल्या, रंग उडालेल्या अवस्थेतच प्रदर्शनात ठेवले. दुसरे एप्रिल १९४५ मध्ये म्योसा सरोवरात कोसळले. त्यातील एकच माणूस वाचला. १९९५ साली ते वर काढून कॅनडातील ट्रेंटन येथे नेण्यात आले. तेथे दहा वर्षे खपून ते असे सिद्ध केले की जणू आताच कारखान्याच्या दारातून बाहेर पडले आहे. ट्रेंटनचे विमान पाहून यंत्र कसे होते ते कळते. होकलिंगेनचे विमान पाहून त्या रात्री काय झाले ते कळते. कौतुक पहिल्याच्या वाट्याला अधिक येते, आणि ते स्वाभाविक आहे. तरी पुराव्याच्या दृष्टीने दुसऱ्याचे मोल अधिक मानावे लागेल, कारण नवा पत्रा बसविला की जुन्या पत्र्यावरील गोळीचे छिद्र नाहीसे होते आणि ते पुन्हा कधी आणता येत नाही.

दुरुस्ती न करता केवळ क्षय थांबवणे हेसुद्धा सोपे काम नव्हे. जून २०१३ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील गुडविन वाळूच्या पट्ट्यातून जर्मनीचे 'डॉर्निअर १७' हे विमान वर काढण्यात आले. सत्तरहून अधिक वर्षे खाऱ्या पाण्यात राहिलेला धातू हवेत आल्यावर झपाट्याने नष्ट होतो. म्हणून कॉसफर्ड येथे त्याच्यावर लिंबाच्या आम्लाच्या सौम्य द्रावणाचा फवारा दीर्घकाळ चालू ठेवावा लागला, जेणेकरून धातूत मुरलेले क्षार धुऊन निघावेत.

उलट राइट बंधूंच्या पहिल्या विमानाचीही गोष्ट आहे. १७ डिसेंबर १९०३ च्या चार उड्डाणांनंतर ते वाऱ्याने उलथून मोडले आणि पुन्हा कधी उडाले नाही. १९१३ च्या डेटन येथील महापुरात ते चिखलाखाली गेले. १९२७ साली ऑर्व्हिल राइट यांनी त्यावर नवे कापड चढविले. १९२८ पासून १९४८ पर्यंत ते लंडनमध्ये होते. १९८५ साली वॉशिंग्टनमध्ये त्यावर पुन्हा नवे कापड चढले. म्हणजे लाखो लोक श्रद्धेने पाहतात ते कापड त्या दिवशीच्या आकाशात नव्हतेच. येथे मात्र कापड बदलले म्हणून कोणी आक्षेप घेत नाही, आणि ते बरोबरही आहे. कापड हे त्या विमानाचे वस्त्र होते. ते जीर्ण व्हावयाचेच. शिवाय काय बदलले, केव्हा बदलले आणि कोणी बदलले याची नोंद तेथे आहे. अशी नोंद ठेवली तर दुरुस्तीचा दोष बराच कमी होतो.

लिबरेटरांच्या बाबतीत हीच गोष्ट कसाला लागली. कॉलिंग्ज फाउंडेशनचे विमान ऑगस्ट १९४४ मध्ये टेक्सासमध्ये बनले आणि दोनच महिन्यांत ब्रिटिशांकडे गेले. ब्रिटिश हवाई दलात त्याने पूर्वेकडील युद्ध पाहिले, आणि भारतीय हवाई दलात वीस वर्षे काढली. अमेरिकी हवाई दलाकडून ते कधी लढले नाही. तरीही १९८९ साली उडाले तेव्हा त्याच्या नाकावर 'ऑल अमेरिकन' हे नाव होते. पुढे ते 'द ड्रॅगन अँड हिज टेल' झाले, आणि २००५ मध्ये 'विचक्राफ्ट'. ही नावे त्या जातीच्या दुसऱ्या, नष्ट झालेल्या विमानांची. पिमाच्या विमानावरही अमेरिकी खुणा आल्या. कॅनडात गेलेल्याने कॅनडाच्या हवाई दलाचे रंग घेतले. ज्या देशाने विमान वाचविले त्याची खूणच बाहेरून पुसली गेली. यात कपट होते असे नव्हे. प्रत्येक देशाला आपल्या मेलेल्या वैमानिकांचे स्मारक हवे असते, आणि ज्यांची मुले त्या नावांच्या विमानांतून परतली नाहीत ते लोक या विमानांपुढे येऊन उभे राहत. एका विमानाने अनेकांच्या वतीने उभे राहावे, ही अपेक्षा अगदीच गैर म्हणता येणार नाही; पालमचे लायसँडरही तेच करते. परंतु फलकावर विमानाची खरी जीवनकथा सविस्तर लिहिलेली नसेल, तर प्रेक्षक खोटी गोष्ट खरी समजून घरी जातो.

रंग चढविण्यापूर्वी म्हणूनच जाणते संग्रहालय एक छोटे काम करते. पत्र्याच्या कोपऱ्यात दोन-तीन बोटे रुंदीचा तुकडा अतिशय हळुवारपणे घासतात. वरचा रंग जातो, त्याखालचा दिसतो, त्याखाली आणखी एक. कधी जुना क्रमांक, कधी एखाद्या स्क्वाड्रनची खूण उमटते. झाडाच्या खोडातील वलये मोजावीत तसे विमानाचे वय आणि त्याचे मालक या थरांवरून वाचता येतात. ते एकदा घासून टाकले की संपले. पालमच्या लिबरेटरवर भारतीय हवाई दलाच्या खुणा आहेत. त्याच्या बहिणींकडे अधिक चांगली छपरे असतील, पण वीस वर्षांचे भारतीय आयुष्य उघडपणे सांगणारे लिबरेटर पाहावयाचे तर दिल्लीलाच यावे लागते. असे विमान उन्हापावसात ठेवणे ही मात्र मोठी जोखीम होय. ज्याच्या पंखांचा विस्तार एकशेदहा फूट आहे त्याला छप्पर घालणे खर्चाचे असते, आणि जगातील पुष्कळ संग्रहालयांत मोठी विमाने याच कारणाने बाहेर राहतात. खर्च खरा आहे. दमट हवेत पत्रा झिजतो तेही तितकेच खरे.

मग विमान उडतेच का ठेवू नये, असे विचारणारे पुष्कळ आहेत. इंजिनाचा आवाज, तेलाचा वास आणि धावपट्टीवरून उठणारे ते जड अंग पाहण्यात जो थरार आहे तो दोरीपलीकडच्या प्रदर्शनात नाही, हे मान्य केले पाहिजे. भारतीय हवाई दलानेही हा मार्ग काही प्रमाणात स्वीकारला आहे. एक 'टायगर मॉथ' पुन्हा उडता करण्यात आला. एक डाकोटा ब्रिटनमध्ये दुरुस्त होऊन एप्रिल २०१८ मध्ये उडत भारतात आला. त्याला 'परशुराम' हे नाव आणि व्हीपी ९०५ हा क्रमांक देण्यात आला. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी सैनिकांना घेऊन श्रीनगरला उतरलेल्या डाकोटांची ती आठवण आहे. डाकोटा हजारोंनी बनले आणि आजही जगात कित्येक उडतात, म्हणून हा निर्णय शहाणपणाचा ठरतो. वापिटी उडविण्याचे कोणी मनात आणले तर तो वेडेपणा होईल. उडते विमान पडू शकते, एवढी साधी गोष्ट. २ ऑक्टोबर २०१९ रोजी अमेरिकेत कनेटिकट राज्यात एक जुने 'बी-१७' विमान हौशी प्रवाशांसह कोसळले आणि सात माणसे दगावली. शिवाय उडण्याचा परवाना मिळविण्यासाठी जुने भाग काढून नवे बसवावेच लागतात. दर वर्षी विमान थोडे अधिक उडण्याजोगे आणि थोडे कमी जुने होत जाते.

भारतात आज जी गोष्ट लिबरेटरची होती ती 'मिग-२१'ची झाली आहे. १९६३ पासून सेवेत आलेली ही विमाने आठशेहून अधिक होती. २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगढ येथे ती समारंभपूर्वक निवृत्त झाली. त्याच चंडीगढमध्ये २०२३ च्या मे महिन्यात हवाई दलाचे एक वारसा केंद्रही सुरू झालेले आहे. शाळा, महाविद्यालये, चौक आणि छावण्यांच्या दारांत मिग-२१ खांबांवर चढविलेले दिसतात, त्यामुळे ते कधी संपेल असे कोणाच्याही मनात येत नाही. खांबावरील विमान दिसावयास शोभिवंत. पण त्याची झाकणे उघडता येत नाहीत, पोटातील पाणी काढता येत नाही, आणि दर दोन वर्षांनी शोभेसाठी दिलेला ऑइलपेंटचा हात त्याच्या खऱ्या खुणा आणखी खोल पुरतो. चाळीस वर्षांनी त्यांतील कोणते एखादे विमान उघडून पाहण्याजोगे राहिले असेल, ते या आठशेंतून आताच निवडावयास हवे. ज्या विमानाची नोंदवही पहिल्या उड्डाणापासून शेवटच्या उतरण्यापर्यंत पूर्ण आहे, ज्याची आसने, उपकरणे आणि मूळचा रंग काढलेला नाही, असे दोन-चार नग छपराखाली न्यावेत. त्यांच्याबरोबर त्यांची हस्तपुस्तिका, अवजारे आणि त्यांवर काम केलेल्या यंत्रकारांची सांगोवांगी माहितीही लिहून ठेवावी. कानपूरच्या मैदानावर लिबरेटर कसे जुळविले गेले, कोणता पत्रा कोठून आणला, कोणते इंजिन कशाच्या जागी बसविले, हे सांगू शकणारी माणसे होती तेव्हा त्यांच्यापाशी वही घेऊन फारसे कोणी बसले नाही. मिग-२१ वर काम केलेले यंत्रकार अजून आहेत.